स्टाँटनला तलवार मिळाली, पेशव्याला पेन्शन मिळाली. आमच्या पूर्वजांना काय मिळाले?

डिसेंबर महिना उजाडला की भिवंडी तालुक्यातील वस्त्यावस्त्यांत भीमा कोरेगावला जाण्याची तयारी सुरू होते. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यातील गोदामांत राबणारी आमची तरुण मुले वर्गणी काढतात, गाड्या ठरवतात, निळे झेंडे शिवून घेतात. १ जानेवारीला विजयस्तंभासमोर मान तुकवून येतात. ही शिस्त, ही निष्ठा पाहून आम्हाला अभिमान वाटतो. परंतु याच मुलांना गोदामातला एखादा सुपरवायझर किंवा कॉलेजातला एखादा मित्र विचारतो, "तुम्ही इंग्रजांच्या विजयाचा उत्सव कसा काय करता? ती पलटण इंग्रजांची, तिचा कप्तान इंग्रज, मग तुमचे त्यात काय?" तेव्हा आमची मुले घोषणा देतात, पण उत्तर देत नाहीत. घोषणेने सभा जिंकता येते, खटला जिंकता येत नाही. म्हणून या प्रश्नाचे उत्तर पुराव्यानिशी देण्याची वेळ आली आहे. त्यासाठी आम्ही आज जाणूनबुजून त्या इंग्रज कप्तानापासूनच सुरुवात करणार आहोत.

कोण होता हा कप्तान?

त्याचे नाव फ्रान्सिस फ्रेंच स्टाँटन. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात तो कॅप्टन होता. कॅप्टन म्हणजे काही फार मोठा हुद्दा नव्हे. मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल, जनरल अशी सगळी शिडी त्याच्या डोक्यावर होती. १८१७च्या नोव्हेंबरात खडकी आणि येरवड्याच्या लढाया होऊन पुणे कंपनीच्या ताब्यात गेले होते. बाजीराव दुसरा पळत होता, जनरल स्मिथ त्याच्या मागावर होता. डिसेंबरच्या शेवटी पेशवा वळसा घेऊन पुन्हा पुण्याच्या दिशेने येऊ लागला. तेव्हा पुण्यातील कर्नल बर याने शिरूरच्या छावणीकडे कुमक मागितली. ती कुमक घेऊन जाण्याचे काम स्टाँटनकडे आले.

३१ डिसेंबर १८१७च्या रात्री आठच्या सुमारास तो शिरूरहून निघाला. त्याच्याबरोबर पहिल्या बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनचे सुमारे ५०० पायदळ, सुमारे ३०० घोडेस्वार आणि दोन तोफा ओढणारे मद्रास तोफखान्याचे २४ गोरे गोलंदाज होते. सारे मिळून आठशेच्या वर थोडे. थंडीच्या रात्री पंचवीस मैलांहून अधिक चालून ही तुकडी सकाळी दहाच्या सुमारास भीमेकाठी पोहोचली. समोर पेशव्याची फौज होती. सुमारे २०,००० घोडदळ आणि ८,००० पायदळ. स्टाँटनने नदीकाठचे कोरेगाव ताब्यात घेतले आणि घरांच्या भिंतींच्या आडोशाने मोर्चा बांधला.

पेशव्याच्या अरब, गोसावी आणि कवायती पथकांनी गावात घुसून हल्ला केला. नदीकडची वाट अडवली. रात्रभर चालून आलेल्या शिपायांच्या पोटात अन्न नाही, घशाला पाण्याचा थेंब नाही. एक तोफ शत्रूच्या हातात गेली, तोफखान्याचा लेफ्टनंट चिझम मारला गेला आणि त्याचे शिर कापले गेले. तुकडीतील काहींनी शरण जाण्याची भाषा काढली, तेव्हा स्टाँटनने चिझमचे धड दाखवून सांगितले की शरण जाल तरी हीच गत होईल. जखमी होऊन पडलेला लेफ्टनंट पॅटिन्सन उठला, बंदूक उलटी धरून पुढे धावला आणि शिपायांनी ती तोफ परत मिळवली. पॅटिन्सन पुढे त्याच जखमांनी मेला. आठ अधिकाऱ्यांपैकी धडधाकट उरले तिघे. स्टाँटन, लेफ्टनंट जोन्स आणि डॉक्टर वायली. रात्री नऊच्या सुमारास हल्ला थांबला, शिपायांना पाणी मिळाले. मागून जनरल स्मिथ येत असल्याने पेशवा दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडे निघून गेला. स्टाँटनही पुण्याला गेला नाही, जखमींना घेऊन शिरूरला परतला. तुकडीतील सुमारे २७५ जण ठार, जखमी वा बेपत्ता झाले. त्यात बटालियनचे ५० शिपाई ठार आणि १०५ जखमी होते.

एवढा हा प्रसंग. स्टाँटनच्या नोकरीतील हा एक दिवस आणि या एका दिवसाने त्याचे आयुष्य बदलले.

हिशेब पहिला : कप्तानाचा

गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने स्टाँटनला आपला मानद एडीसी नेमले. लंडनच्या संचालक मंडळाने त्याला मानाची तलवार दिली आणि ५०० गिनी रोख दिल्या. पुढे 'कंपॅनियन ऑफ द बाथ' हा किताब मिळाला, हुद्दा वाढला. १८२५ मध्ये तो वारला तेव्हा इंग्रजांच्या इतिहासात त्याचे नाव पक्के झाले होते. आम्हाला त्याच्या शौर्याबद्दल शंका नाही. तो पळाला नाही, माणसे टाकून गेला नाही. ते त्याचे श्रेय त्याला द्यावे. पण त्याच्या तलवारीवर आमचा दावा नाही, हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. आम्ही १ जानेवारीला स्टाँटनची जयंती साजरी करीत नाही.

हिशेब दुसरा : पेशव्याचा

आता हरलेल्याचा हिशेब पाहा. बाजीराव दुसरा जून १८१८ मध्ये माल्कमला शरण आला. लढाईत हरलेल्या या माणसाला कंपनीने वर्षाला ८ लाख रुपयांची पेन्शन बांधून दिली आणि कानपूरजवळ बिठूरला नेऊन ठेवले. २८ जानेवारी १८५१ रोजी तो मेला. म्हणजे ३२ वर्षांहून अधिक काळ तो ही पेन्शन घेत राहिला. वर्षाला ८ लाख याप्रमाणे गुणाकार करा, अडीच कोटींच्या वर रक्कम जाते. त्या काळच्या अडीच कोटी! आम्हाला इंग्रजांचे हस्तक म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा आपल्या हाताने करावा.

आणि इंग्रजांना पुण्यात आणले कोणी? आमच्या काल्हेरच्या खाडीचे पाणी ज्या वसईजवळ समुद्राला मिळते, त्याच वसईला ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. होळकरांच्या भीतीने पुण्यातून पळून आलेल्या पेशव्याने आपल्या गादीच्या बदल्यात कंपनीची तैनाती फौज मान्य केली. मे १८०३ मध्ये इंग्रजांच्याच संगिनींच्या पहाऱ्यात तो पुन्हा गादीवर बसला. या तहाला बरोबर पंधरा वर्षे झाली त्याच ३१ डिसेंबरच्या रात्री स्टाँटनची तुकडी शिरूरहून निघाली, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्याने इंग्रजांना दारातून आत घेतले तो राष्ट्रपुरुष आणि ज्याला गावाच्या वेशीबाहेर ठेवले होते, ज्याने पोटासाठी पलटणीत नाव लिहिले तो देशद्रोही, हा कुठल्या कायद्याचा न्याय? शिवाय त्या दिवशी छत्रपती प्रतापसिंह पेशव्याच्या छावणीत होते ते राजा म्हणून नव्हे, तर पेशव्याच्या ताब्यातील माणूस म्हणून. छत्रपतींची ही अवस्था करणाऱ्यांनी आम्हाला स्वराज्य शिकवू नये.

हिशेब तिसरा : शिपायाचा

आता तिसरा हिशेब. तो आमचा आहे.

लष्करी खलिता अधिकारी लिहीत असे. शिपायाचा जबाब घेण्याची त्यात पद्धतच नव्हती. त्यामुळे स्टाँटनने काय म्हटले, पॅटिन्सन कसा उठला, हे जगाला कळले. त्याच्या मागून तोफेकडे धावणाऱ्या शिपायांना काय वाटले, हे कोणी विचारले नाही. कंपनीच्या सैन्यात शिपाई फार झाले तर सुभेदार होत असे आणि केस पांढरे झालेला सुभेदारही विलायतेहून नुकत्याच आलेल्या पोरसवद्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या खालीच राही. हिंदी शिपायासाठी शौर्यपदकाची सोय १८३७ पर्यंत नव्हतीच. कोरेगावच्या लढाईचा उल्लेख असलेले पदक मंजूर झाले १८५१ मध्ये, तेही तोवर हयात असलेल्यांसाठी. तेहतीस वर्षांनी! ज्या वर्षी बाजीरावाची पेन्शन मरणाने थांबली त्या वर्षी शिपायाचे पदक निघाले.

मग शिपायाला मिळाले काय? एक दगड. कोरेगावला स्तंभ उभा राहिला, १८२१ मध्ये त्याची पायाभरणी झाली. त्यावर कामी आलेल्या शिपायांची नावे कोरली गेली. त्यात २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. बाकीच्यांत मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत, बेने इस्रायलही आहेत. ही पलटण मिश्र होती, हे आपण उघडपणे सांगितले पाहिजे. ५०० च्या ५०० महार होते, २८,००० सैन्य कापून काढले, अशी भाषणे आम्ही व्यासपीठांवरून ऐकतो. वकील म्हणून आम्हाला सांगावेसे वाटते की वाढवून सांगितलेली साक्ष उलटतपासणीत टिकत नाही आणि ती कोसळली की खरी साक्षही तिच्याबरोबर वाहून जाते. पेशव्याच्या २८,००० पैकी गावात प्रत्यक्ष लढले ते सुमारे दोन हजार, असा अंदाज आहे. असू दे. उपाशीतापाशी, तहानलेल्या मूठभर माणसांनी बारा तास ते गाव सोडले नाही, एवढे सत्य पुरेसे आहे. त्याला फोडणीची गरज नाही.

आणि ही २२ नावे म्हणजे काय, हे समजून घ्या. पेशवाईत अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात नोंदवून ठेवले आहे. ज्याची थुंकी जमिनीवर पडू नये, ज्याचे पाऊल उमटलेले दिसू नये, त्याचे नाव दगडावर कोरले गेले. तेही त्याच्या जातीची खूण लपवून नव्हे, 'नाक' या प्रत्ययासह. ज्याला वाट नाकारली होती त्याचे नाव वाटेवर उभे राहिले. कोरेगावचा अर्थ हा आहे. तो इंग्रजांनी दिलेला अर्थ नाही. इंग्रजांना तो आपल्या साम्राज्याचा स्तंभ वाटला. त्याचा आजचा अर्थ १ जानेवारी १९२७ रोजी लिहिला गेला, जेव्हा शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने भरलेल्या मेळाव्यासाठी बाबासाहेब तेथे आले. त्यानंतर अडीच महिन्यांत, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हाती आले. कोरेगाव आणि महाड या दोन ठिकाणांमधील अंतर कॅलेंडरवर एवढेच आहे.

कंपनी सरकारची कृतज्ञता

इंग्रज तरी आमच्याशी प्रामाणिक राहिले का? मुळीच नाही. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने पुण्यातील ब्राह्मणांची मर्जी राखण्यासाठी दक्षिणा चालू ठेवली आणि १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. आणि १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तेव्हा मुंबई सरकारने तो नाकारला. कोरेगावला अडतीस वर्षे झाली होती. तोफ परत आणायला महार चालला, बाकावर बसायला चालला नाही.

त्याहून मोठा घात १८९२ च्या सुमारास झाला. 'लढाऊ जाती' नावाचे शास्त्र काढून सैन्याची जातवार रचना करण्यात आली आणि महारांची भरती बंद झाली. ज्या सैन्याच्या शाळांत आमच्या मुलांना पहिली अक्षरे मिळाली, ते दार बंद झाले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ याच सैन्यात शिक्षक होते. त्यांच्या मातोश्री भीमाबाई यांचे माहेर मुरबाडकर हे लष्करी सुभेदारांचे घराणे. मुरबाड म्हणजे आमच्याच ठाणे जिल्ह्यातील तालुका. बाबासाहेबांच्या विद्वत्तेचे एक मूळ या बंद पडलेल्या शाळांत आहे, हे विसरता येणार नाही. त्या भरतीबंदीविरुद्ध निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. रामजीबाबांनी न्यायमूर्ती रानड्यांच्या मदतीने अर्ज केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०४ मध्ये मुंबई सरकारकडे आणि १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. या अर्जांतूनच आमच्या सार्वजनिक चळवळीची लेखणी चालू लागली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि युद्ध संपताच काही वर्षांत मोडली. गरज सरो, वैद्य मरो.

बाबासाहेब स्वतः १९१३ मध्ये काही दिवस बडोदा संस्थानच्या फौजेत लेफ्टनंट होते. हुद्द्याची किंमत आणि हुद्द्यावाचून राहण्याची किंमत त्यांना दोन्ही ठाऊक होत्या. १९३०च्या गोलमेज परिषदेत त्यांनी इंग्रजांना तोंडावर विचारले की तुमच्या राज्यात आमची कोणती अवस्था पालटली? इंग्रजांच्या ताटाखालचे मांजर अशी भाषा बोलत नसते. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, संरक्षण सल्लागार समितीवर असताना त्यांनी आग्रह धरला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या टोपीवरच्या पहिल्या चिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. ती पुढे स्वतंत्र भारताची रेजिमेंट झाली. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे लष्करप्रमुख तिच्यातून आले. १९८७ मध्ये श्रीलंकेत शहीद झालेल्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना तिच्यातूनच परमवीर चक्र मिळाले. देशद्रोहाचे उत्तर याहून स्पष्ट काय असू शकते?

आज आपण काय करायचे?

१ जानेवारी २०१८ ला, लढाईच्या द्विशताब्दीच्या दिवशी, कोरेगाव परिसरात अभिवादनाला आलेल्या आमच्या माणसांवर दगडफेक झाली. त्यानंतर चौकशी आयोग बसला, खटले झाले, माणसे तुरुंगात गेली. एका स्तंभाची एवढी भीती का वाटावी? कारण त्या दगडावर नावे आहेत. नाव हा पुरावा असतो. ज्याचे नाव नोंदीत नाही त्याचा हक्क कोणतेही कोर्ट सहजासहजी मान्य करीत नाही, हा आमचा रोजचा अनुभव आहे.

म्हणूनच काल्हेरच्या तरुणांना आमचा एक साधा प्रश्न आहे. तुमचे नाव कुठे आहे? ज्या गोदामात तुम्ही दिवसभर गोणी आणि खोके उचलता तेथील हजेरीपटावर तुमचे नाव आहे का? की ठेकेदाराच्या खिशातल्या वहीत नुसते 'चार माणसे' असे लिहिलेले आहे? महाराष्ट्रात माथाडी, हमाल आणि अन्य श्रमजीवी कामगारांसाठी १९६९ चा कायदा आहे. त्याखाली मंडळात नोंदणी होते, मजुरी मंडळामार्फत मिळते, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचा हक्क उभा राहतो. हा कायदा आपल्या पूर्वजांपैकी कोणालाही मिळाला नव्हता. तो कागदावर असताना आपण त्याबाहेर राहिलो, तर आपली अवस्था त्या खलित्यातल्या बिननावाच्या शिपायासारखी होईल. गोदाम लढले, मालक जिंकला, हमालाची नोंद नाही.

सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठीही एक गोष्ट. २०२२ मध्ये केंद्र सरकारने अग्निपथ योजना आणली. तिच्यात चार वर्षांची नोकरी आणि त्यानंतर पुढे कायम होणार चारांपैकी फार तर एक, अशी तरतूद झाली. उरलेल्या तिघांना एकरकमी पैसे, पेन्शन नाही. सैन्यात जरूर जा, अंगावर वर्दी आली की गावाची नजर बदलते, हे आमच्या समाजाने दोनशे वर्षे अनुभवले आहे. पण अटी वाचून जा. आणि शिपाई होऊन थांबू नका. एनडीए, सीडीएसच्या परीक्षा द्या, अधिकारी व्हा. स्टाँटनची गोष्ट जगाला कळली, कारण खलिता त्याच्या हातात होता. खलिता लिहिणारा हात आपला असला पाहिजे.

येत्या १ जानेवारीला कोरेगावला जरूर जा. पण जाताना प्रत्येक वस्तीने दोन कामे करावीत. एक, गाडीत बसणाऱ्या प्रत्येक गोदाम कामगाराच्या नोंदणीचा अर्ज त्याआधी भरला गेला पाहिजे. बुद्धविहारात रविवारी एक टेबल मांडले तर हे काम होते, कागदपत्रे तपासायला आम्ही बसू. दोन, स्तंभासमोर उभे राहिल्यावर सेल्फी घेण्याआधी ती नावे मोठ्याने वाचा, मुलांकडून वाचून घ्या. 'नाक'वाली बावीस तर वाचाच, पण त्यांच्याबरोबर पडलेली बाकीचीही वाचा. ज्यांना आयुष्यात कोणी सन्मानाने हाक मारली नाही, त्यांना वर्षातून एकदा तरी नावाने हाक मारणे हेच खरे अभिवादन आहे.

जयभीम! जय संविधान!